शेऱ्याचा रकाना

पहिल्यांदा झालं तेव्हा मी ल्योनहून तुरीनला निघालो होतो. मागे वीस टन चीज, समोर आल्प्सचा उतार, भिंतीवरच्या घड्याळात रात्रीचे साडेनऊ. अचानक चित्र थिजलं. आवाज मात्र थांबला नाही. इंजिनाची घरघर एकाच जागी अडकून टर्रर्रर्र वाजत राहिली. मग पडदा काळा झाला, मग चित्र परत आलं, आणि तोवर ट्रक कठड्याला घासत आडवा झाला होता. मालाचं नुकसान नऊ टक्के.

मागे खाटेवर आप्पा बसले होते. ते म्हणाले, "झोप लागली व्हय रं?"

आप्पांनी कराड डेपोत एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्मी कुंभार्ली घाटातून चिपळूणला. लोक जेवणानंतर मालिका बघतात, आप्पा माझा ट्रक बघतात. मी एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे, वय त्रेचाळीस. दिवसभर लोकांच्या हप्त्यांचे आकडे जुळवून झाले की रात्री दीड-दोन तास युरोपातल्या रस्त्यांवर मालट्रक चालवायचा, एवढाच माझा छंद. या गेममध्ये गोळ्या नाहीत, राक्षस नाहीत. सिग्नल पाळायचे, डिझेल भरायचं, वेळेत माल पोचवायचा. आप्पांच्या मते मी उतारावर ब्रेक फार वापरतो. "गिअर पाड, गिअर. ब्रेक तापला की मग देव आठवायचा."

दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी तासाभरात दोनदा झालं. मग चार दिवस शांतता, मग शनिवारी रात्री तीनदा. कधी गेम सावरायचा, कधी सरळ डेस्कटॉपवर आणून सोडायचा. रस्ता ठरलेला नाही, ट्रक ठरलेला नाही, पावसातच होतं असंही नाही. विंडोज कोसळल्याचा निळा पडदा येत नव्हता, मशीन आपणहून बंद पडत नव्हतं. नुसते दोन-तीन सेकंद जायचे. पण ताशी ८० किलोमीटरने जाणारा ट्रक दोन सेकंदांत ४४ मीटर जातो, आणि या गेममध्ये चित्र थांबलं तरी ट्रक थांबत नाही.

मशीन मीच जोडलेलं. सहा कोरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, आणि ८ जीबीचं, पडद्यावरचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड. कार्ड कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही. सांगितलं की निम्मे वाचक "तरी मी म्हणतच होतो" म्हणून उठतील आणि उरलेले निम्मे भांडायला बसतील. मुख्य मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा. शेजारी एक १९ इंची, ६० हर्ट्झचा, पतसंस्थेने जुनं सामान काढलं तेव्हा चारशे रुपयांना घेतलेला. कार्डाच्या तीन वर्षांच्या वॉरंटीतले चार महिने उरले होते. ही वॉरंटी डोक्यात सारखी टिकटिकत होती.

एप्रिलचा दुसरा आठवडा. दुपारी अंगणात पाय ठेवायची सोय नाही. आप्पांचं निदान तयार होतं. "गाडी तापतीया तुझी. दुसरं काय न्हाय. घाट चढताना आमची पण अशीच धाप टाकायची. थांबायचं, पाणी घालायचं, निघायचं."

मला ते पटलं. पटायला सोपं होतं: एप्रिलमध्ये ऊन वाढलं, एप्रिलमध्ये ट्रक आडवा व्हायला लागला. मग एका रविवारी मी जे केलं ते आमच्या शाखेत नव्या पोराने केलं असतं तर त्याला मी तासभर उभं करून सुनावलं असतं. सगळ्या वायरी काढून कॅबिनेट गच्चीवर नेलं, ब्लोअरने तीन वर्षांची धूळ उडवली, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, म्हणजे बायोस, नवा टाकला, रॅमचा वाढीव वेग बंद केला, गेमच्या फाइली तपासून घेतल्या आणि गेममधली सावल्या-प्रतिबिंबं कमी केली. सहा-सात बदल, एका दिवसात. म्हणजे एका व्हाउचरवर सात खर्च आणि खाली एकच बेरीज.

रविवारी रात्री काही झालं नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. आप्पा खूश. कोणत्या औषधाने गुण आला हे कळायला मार्ग नव्हता, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायची मला गरजही वाटली नाही. बुधवारी संध्याकाळी टेबल आवरलं, रविवारपासून लोंबत असलेल्या उरलेल्या वायरी जागेवर लावल्या. गुरुवारी रात्री मिलानच्या बाहेर ट्रक परत आडवा.

आता मात्र अंदाज बंद करून मी नोंदी उघडल्या. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची जागा आहे. मशीनच्या पोटात जे काही घडतं त्याची ती रोजकीर्दच. एरवी तिथे इतका कचरा असतो की माणूस घाबरून बंद करतो. पण गोठण्याची नेमकी वेळ मला ठाऊक होती, रात्रीचे नऊ एकावन्न. त्या मिनिटाला एक पिवळा त्रिकोण होता. स्रोत: डिस्प्ले. क्रमांक: ४१०१. मजकुराचा अर्थ असा, की डिस्प्ले ड्रायव्हरने, म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातल्या दुभाषी प्रोग्रॅमने, प्रतिसाद देणं थांबवलं होतं आणि तो यशस्वीपणे सावरला. मागे जाऊन बघितलं, तर प्रत्येक वेळी हाच क्रमांक.

ही यंत्रणा २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून आहे. तिला टीडीआर म्हणतात. विंडोज ग्राफिक्स कार्डाला काम देतं आणि घड्याळ लावून बसतं. दोन सेकंदांत कार्डाने काम संपवलं नाही, की बाजूलाही ठेवलं नाही, तर विंडोज समजतं की हा अडकला, आणि कार्ड व ड्रायव्हर दोघांना झटका देऊन नव्याने उभं करतं. पूर्वी अशा वेळी अख्खं मशीन मरायचं, आता नुसता पडदा काळा होऊन परत येतो. म्हणजे मला जे दिसत होतं तो आजार नव्हता, उपचार होता. आजार त्याच्या दोन सेकंद आधी होऊन गेलेला. १४४ हर्ट्झच्या पडद्याच्या हिशेबाने दोन सेकंद म्हणजे २८८ चित्रं. कार्ड एवढा वेळ कुणाची तरी वाट बघत बसलेलं असणार. कुणाची?

आमच्या शिपाईमामांचा मुलगा साताऱ्याला इंजिनिअरिंगला आहे. त्याने फोनवर सांगितलं, "काका, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, टीडीआरडिले नावाची किंमत टाका, दोनाची आठ करा. विंडोज घाई करतं, कार्डाला वेळ मिळत नाही." केलं. त्या रात्री ट्रक दोन सेकंदांऐवजी आठ सेकंद गोठला. १७८ मीटर. कठडा, खांब, आणि समोरून येणारी एक बस. आप्पा उठून झोपायला गेले. किंमत परत दोनावर आणली. पण एक गोष्ट कळली: कार्ड उशीर करत नव्हतं, कायमचंच अडकत होतं. आठ सोडा, ऐंशी सेकंद दिले असते तरी उत्तर आलं नसतं.

त्याच दिवशी पतसंस्थेतून एक कोरं रजिस्टर घरी आणलं. लांबडं, लाल कापडी पाठीचं. रकाने आखले: तारीख, वेळ, गेम सुरू होऊन किती मिनिटं, कार्डाचं तापमान, निकाल. आणि सवयीने शेवटी शेरा. रजिस्टर आखलं की शेवटचा रकाना शेऱ्याचा, मग त्यात काही लिहायचं असो वा नसो. ज्या दिवशी गोठलं नाही त्या दिवशी निकालात "निरंक". बायकोने रजिस्टर बघितलं आणि विचारलं, "त्या ट्रकाचा इन्शुरन्स पण काढणार आहात का?"

तापमानासाठी एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम लावला. तो दर दोन सेकंदांनी कार्डाचं तापमान, वेग, पंख्याचे फेरे, खाल्लेली वीज फाइलीत लिहून ठेवतो. आठवडाभरात आप्पांचं निदान निकालात निघालं. एकदा ६६ अंशांवर गोठलं, एकदा ७२ वर, एकदा ६९ वर. आणि एका रात्री तापमान ७७ पर्यंत गेलं, दोन तास ट्रक चालवला, निरंक. आप्पांना फाइल दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितली आणि म्हणाले, "काटा खोटा दावत असंल." एसटीत असे काटे त्यांनी पुष्कळ बघितले होते, त्यामुळे वाद घातला नाही.

मग ज्या दुकानातून सामान घेतलं होतं तिथे गेलो. रिलायबिलिटी मॉनिटर या विंडोजच्याच पानाचा फोटो दाखवला. तिथे हीच घटना लाइव्हकर्नलइव्हेंट १४१ या नावाने येते, आणि वर मथळा असतो "हार्डवेअर एरर". दुकानदाराने तो मथळा वाचला आणि फोन परत दिला. "कार्ड गेलं. पुण्याला पाठवावं लागेल. एकवीस दिवस धरून चाला." त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. मथळ्यात हार्डवेअर लिहिलंय म्हटल्यावर कोणीही तेच म्हणेल. पण १४१ चा अर्थ इतकाच की कार्डातल्या एखाद्या भागाने ठरल्या वेळेत उत्तर दिलं नाही. का दिलं नाही, हे त्यात नाही. चेक परत आला म्हणजे खात्यात पैसे नाहीत असंच नसतं. सही जुळत नसेल, तारीख चुकली असेल.

पाठवायच्या आधी बाकीचे संशयित मोकळे करू म्हटलं. रॅमसाठी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून रात्री लावला. पहाटे तीनला वळवाचा पाऊस आला, लाईट गेली, चाचणी मेली. दुसऱ्या रात्री पुन्हा. चार फेऱ्या, शून्य चूक. एसएमपीएसमधून कार्डाला जाणारी वायर एकच होती, पुढे तिला दोन तोंडं. त्याऐवजी दोन स्वतंत्र वायरी लावल्या. फरक नाही. कार्ड काढून परत बसवलं. फरक नाही. हे सगळं थोडक्यात लिहिलं, पण त्यात बारा दिवस गेले, आणि प्रत्येक वेळी आप्पा विचारायचे, "लागली का चालू?"

आता उरला ड्रायव्हर. खरं तर ४१०१ च्या नोंदीत त्याचंच नाव होतं, पण मी त्याला सगळ्यात शेवटी ठेवला, कारण माझा ड्रायव्हर सगळ्यात नवा होता. नवं ते चांगलं, हा समज माझ्यासारख्या माणसात कुठून आला कोण जाणे; पतसंस्थेत आम्ही नवीन सॉफ्टवेअर आलं की आधी सहा महिने दुसऱ्या शाखेला वापरू देतो.

जुना ड्रायव्हर टाकायचा तर नव्याचं बूड उखडावं लागतं. नुसतं काढून टाकलं तर फाइली, सेटिंगं, रजिस्ट्रीतल्या नोंदी मागे राहतात. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर आहे, डीडीयू. आधी जानेवारीचा ड्रायव्हर उतरवून ठेवला. मग नेटची वायर काढली. ती राहिली तर कार्ड उघडं पडल्याबरोबर विंडोज आपल्याकडचा कुठला तरी ड्रायव्हर आणून बसवतं. मग सेफ मोड, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरत्याच गोष्टींवर चालवायची सोय. पडदा ढोबळ, अक्षरं डोळ्यांत बोट घालतील एवढी. डीडीयूने साफसफाई केली, मशीन पुन्हा सुरू झालं, जानेवारीचा ड्रायव्हर आणि त्याच्या सोबतचं कंपनीचं ॲप टाकलं, मग नेट जोडलं.

सहा दिवस निरंक. सातव्या दिवशी, रविवारी, आम्ही सगळे एका लग्नाला उंब्रजला गेलो. आप्पांचे गुडघे दुखत होते, ते घरी राहिले. रात्री आल्यावर तासभर बसावं म्हणून ट्रक काढला आणि चाळिसाव्या मिनिटाला टर्रर्रर्र.

त्या रात्री मी खरंच हरलो. ड्रायव्हर बदलूनही होतंय म्हणजे दुकानदार बरोबर होता, कार्डच गेलंय. माळ्यावरून कार्डाचा मूळ खोका काढला. वॉरंटीच्या अर्जात सिरियल नंबर लागतो, ड्रायव्हरची आवृत्ती लागते. आवृत्ती बघायला कंपनीचं ॲप उघडलं, तर तिथे जानेवारीचा आकडा नव्हता. नवाच ड्रायव्हर होता, ज्याचं बूड मी उखडलं होतं तोच.

विंडोजच्या फोल्डरात आयएनएफ म्हणून एक फोल्डर असतं. त्यात सेटअपएपीआय डेव्ह लॉग नावाची एक साधी मजकुराची फाइल असते, आणि मशीनवर कोणत्या उपकरणाचा कोणता ड्रायव्हर कधी बसला त्याची तारीख-वेळेसकट जंत्री तिथे सापडते. शेवटपर्यंत खाली गेलो. रविवार, दुपारी तीन बेचाळीस. तेव्हा मी उंब्रजला जिलबी खात होतो.

"आप्पा, रविवारी दुपारी मशीन लावलं होतंत का?"

"लावलं की. कीर्तन बघत हुतो."

"काही दाबलंत?"

"कोपऱ्यात निळं बटन आलं. अपडेट करा म्हनत हुतं. तूच सांगितलास न्हवं, फोनवर अपडेट आलं की करायचं, न्हायतर पैसं चोरत्यात? मग केलं. मदी पडदा काळा झाला, मी म्हणलं गेलं. पर आलं माघारी." थोडं थांबून म्हणाले, "का? काय बिघडलं व्हय?"

या माणसाने मला कार्ड खोक्यात भरून पुण्याला पाठवण्यापासून वाचवलं होतं की त्यानेच मला तिथवर नेलं होतं, हे ठरवणं अवघड होतं. मी हसत सुटलो. त्यांना वाटलं, रागावलो.

रजिस्टरात ड्रायव्हरचा नवा रकाना आखला. डीडीयू, सेफ मोड, जानेवारीचा ड्रायव्हर, सगळं पुन्हा, आणि या वेळी कंपनीचं ॲप टाकलंच नाही. मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी लावली: "निळे बटण दाबू नये. हुकुमावरून." दहा दिवस निरंक. इथे कुणीही थांबला असता. बायको म्हणालीच, "झालं ना आता?"

पण हिशेब जुळत नव्हता. त्याच लॉगमध्ये वर गेलं की नवा ड्रायव्हर पहिल्यांदा कधी बसला ती नोंद होती: ११ मार्च. आणि आल्प्सच्या उतारावरचं पहिलं गोठणं एप्रिलच्या ४ तारखेचं. मधले साडेतीन आठवडे तोच ड्रायव्हर, तोच गेम, तेच मशीन. मार्च एंडची धावपळ असूनही मी दहा-बारा रात्री तरी बसलो होतो. मग तेव्हा का नाही गोठलं? ताळेबंदात फरक एक रुपयाचा असला तरी तो कुठून तरी आलेला असतो, आणि बहुतेक वेळा एक रुपया म्हणजे हजार एकीकडे जास्त आणि नऊशे नव्व्याण्णव दुसरीकडे कमी असे दोन घोळ असतात.

रजिस्टर घेऊन बसलो. नव्या ड्रायव्हरवरच्या तेवीस नोंदी गोठण्याच्या आणि चौदा संध्याकाळी निरंक. वेळेत काही नाही, तापमानात काही नाही, मिनिटांत काही नाही. मग कंटाळून शेऱ्याचा रकाना वाचला. त्यात मी काहीबाही लिहून ठेवलं होतं. मॅच. मॅच. आप्पांचं कीर्तन. मॅच. लाईट गेली-आली. मॅच, आप्पा जागे. कीर्तन. गोठलेल्या तेवीसपैकी एकवीस ओळींत मॅच नाहीतर कीर्तन. निरंक असलेल्या चौदा ओळींत दोन्हीपैकी एकही नाही. तिथे "पाहुणे", "डोकं दुखत होतं", "मॅच नव्हती" असले शेरे.

मॅच मी त्या चारशे रुपयांच्या मॉनिटरवर लावायचो. ट्रक मोठ्या पडद्यावर, आयपीएल शेजारी, आवाज बारीक. मार्चअखेरीला सामने सुरू झाले तेव्हा मी ताळेबंदात बुडालेलो, मॅच बघायला लागलो एप्रिल उजाडल्यावर. सामने नसले की आप्पा त्या पडद्यावर कीर्तन लावायला सांगायचे. आणि गच्चीवरच्या साफसफाईनंतरचे ते तीन शांत दिवस? बुधवारी लावलेल्या "उरलेल्या वायरी" त्याच मॉनिटरच्या होत्या. रविवार ते बुधवार तो जोडलेलाच नव्हता. पेस्ट, बायोस, धूळ, सगळं फुकट गेलं होतं. एप्रिलमध्ये ऊन वाढलं होतं हे खरं, पण मॅचही तेव्हाच सुरू झाली होती.

आता नवा ड्रायव्हर मुद्दाम परत टाकला आणि एका संध्याकाळी एकच बदल, या शिस्तीने बसलो. सामने तोवर संपत आले होते, म्हणून चाचणीला कीर्तनं लावली. आठवडाभर रोज रात्री घरात मृदंग-टाळ ऐकून आप्पांना वाटलं, पोरगा देवाला लागला.

दुसरा मॉनिटर जोडलेला, पण त्यावर व्हिडिओ नाही: तीन संध्याकाळी निरंक. व्हिडिओ चालू: अडतिसाव्या मिनिटाला गोठलं. व्हिडिओ चालू, पण ब्राउझरच्या सेटिंगमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद: चार संध्याकाळी, मिळून नऊ तास, निरंक. ॲक्सिलरेशन परत चालू केलं: पन्नास मिनिटांत टर्रर्रर्र. मग ॲक्सिलरेशन चालू ठेवून मोठा मॉनिटरही ६० हर्ट्झवर आणला: दोन संध्याकाळी निरंक. अनियमित बिघाडात "झालं नाही" याला पुरावा म्हणणं धोक्याचं असतं, हे मी आधीच्या तीन दिवसांत शिकलो होतो. पण व्हिडिओ चालू असताना साधारण पाऊण तासाला एकदा गोठणारी गोष्ट सलग नऊ तास गोठत नाही, हा योगायोग मला तरी पटत नाही.

हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू असलं की व्हिडिओ उलगडायचं काम ब्राउझर प्रोसेसरकडून काढून ग्राफिक्स कार्डाला देतो. कार्डात त्यासाठी वेगळा भाग असतो. गेमचं चित्र काढणारा भाग निराळा. त्यात दोन पडदे दोन तालांवर, एक सेकंदाला १४४ वेळा बदलणारा, दुसरा ६० वेळा, आणि १४४ ला साठाने पूर्ण भाग जात नाही. या सगळ्यांना कामं आणि पाळ्या वाटून देणारा मुकादम म्हणजे ड्रायव्हर. जानेवारीच्या मुकादमाला हे जमत होतं. मार्चमधल्या मुकादमाच्या हाताखाली कधीतरी दोघं एकमेकांकडे बघत उभे राहायचे, "आधी तू", "नाही, आधी तू", आणि दोन सेकंदांनी विंडोज येऊन दोघांच्या कानाखाली वाजवायचं. ही माझी समजूत. आतलं खरं काय ते ज्यांनी तो लिहिला त्यांना माहीत. ॲक्सिलरेशन बंद केल्यावर प्रोसेसरवर चार-पाच टक्के भार वाढला, एवढीच किंमत मला पडली.

कार्डाच्या कंपनीला रीतसर कळवलं. विंडोजच्या फोल्डरात लाइव्हकर्नलरिपोर्ट्सच्या आत वॉचडॉग नावाचं फोल्डर असतं, तिथे अशा प्रत्येक घटनेची डंप फाइल, म्हणजे अडकलं त्या क्षणी आत काय चाललं होतं त्याची नोंद, पडलेली असते. त्यातल्या तीन जोडल्या. मॉनिटरचे हर्ट्झ, ड्रायव्हरच्या दोन्ही आवृत्त्या, काय केलं की होतं आणि काय केलं की होत नाही, सगळं लिहिलं. रजिस्टरच्या पानाचा फोटोही जोडणार होतो, पण त्यात शेऱ्याच्या रकान्यात सासुरवाडीच्या पाहुण्यांविषयी एक वाक्य होतं. उत्तर आलं ते यंत्राने पाठवलेलं: आपली तक्रार मिळाली.

कार्डाचा खोका परत माळ्यावर गेला. दुकानदाराला सांगायला गेलो, तर त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे मॅच बघू नका." एका अर्थी बरोबरच होतं.

ऑगस्टमध्ये नवा ड्रायव्हर आला. सोबतच्या पत्रकात दुरुस्त केलेल्या गोष्टींच्या यादीत वेगवेगळ्या हर्ट्झचे दोन मॉनिटर, एकावर गेम, दुसऱ्यावर व्हिडिओ, आणि अधूनमधून ड्रायव्हर अडकणं, अशी एक ओळ होती. माझ्यामुळे झालं असं नाही. माझ्यासारखे कैक जण वैतागले असणार. मी तीन आठवडे ती ओळ वाचून सोडून दिली. मग एका शनिवारी कंपनीचं ॲप टाकलं, मॉनिटरवरची चिठ्ठी काढली आणि आप्पांना हाक मारली.

"आलंय तुमचं निळं बटण. दाबा."

"नक्की? मागनं बोलायचं न्हाय."

त्यांनी चष्मा लावला, बटण दाबलं, पडदा काळा झाला, परत आला. ब्राउझरचं ॲक्सिलरेशन चालू केलं, मोठा मॉनिटर १४४ वर, शेजारी कीर्तन. पुन्हा ल्योन ते तुरीन, आणि नंतर तसंच पुढे जेनोआपर्यंत. दोन तास वीस मिनिटं. मी रजिस्टर ओढलं, तारीख घातली, ड्रायव्हरची आवृत्ती लिहिली, निकालात निरंक.

"त्या शेवटच्या खान्यात काय ल्हितोस?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही आज."

"ल्ही. उतारावर ब्रेक जास्त वापरला."

लिहिलं.